शून्य माश्यांचा भादवा

परवा सकाळी मोबाईलवर निरोप आला, ‘सापळा सुरू झाला आहे’, आणि माझा हात पिठातच थांबला. श्रावण अर्धा उलटलाय, पेरू लिंबाएवढे झालेत. गेल्या वर्षी याच दिवसांत हा निरोप पहिल्यांदा आला, तेव्हा मी ओल्या हातानंच मोबाईल उचलून नवऱ्याला दाखवायला अंगणात पळाले होते. या वर्षी आधी भाकरी थापली, ती फुगली, उतरवली, मग मोबाईल बघितला. आनंद झाला का? नाही. भीती वाटली का? तसंही म्हणता येत नाही. गेल्या भादव्यात नेमकं काय झालं याचा मला अजून उलगडा झालेला नाही, आणि तेवढ्यात नवा भादवा दारात येऊन उभा राहिलाय.

आमची बाग डाळजच्या अलीकडे, हायवे सोडून आत वळलं की लागते. उजनीच्या फुगवट्याचं पाणी पाइपलाइननं आणलंय, त्यावर दोन एकर पेरू. वरचा तुकडा घराला लागून, खालचा ओढ्याकडं उतरत गेलेला. भादव्यात या बागेला एक वास येतो. पिकलेल्या पेरूचा वास सगळ्यांनाच माहीत असतो. मी म्हणते तो त्याच्या अलीकडचा. हिरवट, जरासा तुरट, ओल्या मातीत मिसळलेला. दुपारचं ऊन तापलं की त्यात कुठून तरी आंबूसपणा शिरतो. आंबूस वास म्हणजे झाडाखाली फळ पडलंय. फळ पडलंय म्हणजे माशी आलीय. लग्नाला चार वर्षं झाली तरी एवढी साधी गोष्ट माझ्या नाकाला कळत नव्हती.

नाक नव्हतं, पण डिग्री होती. माझं माहेर पिंपळीचं. बारामतीला कॉलेजला जाऊन मी प्राणिशास्त्र घेतलं आणि परीक्षेत फळमाशीची आकृती इतकी सुरेख काढली होती की बाईंनी ती वर्गात फिरवली. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तीच माशी बागेत माझ्या पुढ्यातल्या फळावर येऊन बसली, तर मी आत्यांना म्हटलं, “बघा, गांधीलमाशीचं पिल्लू!” आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. त्या हसल्या नाहीत. त्यांनी फक्त त्या फळाकडं बघितलं, ते तोडलं, दोन बोटांनी दाबलं आणि ओट्यात टाकलं. हसल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

फळमाशी हा प्रकारच मनस्ताप देणारा. ती पेरू खात नाही. सालीवर बसते, सुईच्या टोकाएवढं भोक पाडते, आत अंडी घालते आणि निघून जाते. पेरू आपला वाढत राहतो, रंग धरतो, चकाकतो. बाहेरून बघाल तर दृष्ट काढावी असा. कापला की आत वळवळ. म्हणून फळ लिंबाएवढं झालं की त्याला फोमची जाळी चढवायची आणि वरून पिशवी बांधायची, म्हणजे माशीला साल सापडत नाही. झाडावरच्या एकेका फळाला, हातानं. श्रावणात या कामाला माणसं मिळत नाहीत, कारण सगळ्यांच्याच बागेत ते काम एका वेळी निघतं. त्यामुळं पिशव्या कुठं आधी घालायच्या आणि कुठं नाही घातल्या तरी चालेल, हे ठरवणं हीच खरी बागायतदारी.

आणि ते ठरवायचं काम गेल्या वर्षी माझ्याकडं आलं. संतोष, माझा नवरा, माळेगावकडं कारखान्यात नोकरीला आहे, आठवड्यातून दोनदा घरी येतो. मामा, म्हणजे माझे सासरे, गेल्यापासून बाग आत्याच बघत आल्या. छाटणी झाली त्या दिवशी जेवताना तो सहज म्हणाला, “आई, हा बहार वैशालीला बघू दे. पाणी, औषध, पिशव्या, ती म्हणंल तसं.” आत्या म्हणाल्या, “बघू दे की.” त्यांनी भाजी वाढली. मला इतकं हवं होतं ते. या घरात माझं शिक्षण म्हणजे लाइटबिल वाचण्यापुरतं आहे की काय, असं वाटायला लागलं होतं मला. हा बहार नीट काढला तर माझा शब्द या घरात शब्द होणार होता, आणि नाही काढला तर मी पुन्हा गांधीलमाशीच्या पिल्लापाशी येणार होते.

आत्यांचं माहेर मेंढपाळांचं. त्यांच्या बापाच्या मेंढ्या होत्या, पाऊसकाळ सोडला तर वर्षभर चालणं. आता त्यांच्या भावांची शेती आहे, एक पुतण्या बारामतीला एमआयडीसीत आहे, मेंढरू औषधालाही उरलेलं नाही. पण आत्यांच्या चालण्यात ते अजून आहे. सकाळी उठल्या की बागेला एक पूर्ण वळसा, उजव्या हातानं फांदी बाजूला करत, कुठं थांबायचं नाही आणि काही सुटायचं नाही. पेरूच्या ओळीतून त्या जातात तेव्हा मागून बघावं, कळपातून चालल्यासारख्या दिसतात. एकदा मी विचारलं, काय बघता एवढं रोज? म्हणाल्या, “कोन आजारी हाय ते.” 

लहानपणी त्यांच्याकडं गोचिडी काढायचं काम असायचं. मेंढीचं डोकं मांडीत धरायचं आणि बाभळीच्या काट्यानं कानातली एकेक गोचीड उचलायची, कातडीला ओरखडा न येता. बाजाराच्या आदल्या दिवशी तर आख्खी दुपार तेच. “लोकं कान उलटून बघत्यात,” त्या सांगायच्या. “गोचीड दिसली की म्हणत्यात, ह्यांची मेंढरं घाणीतली.” हे सगळं त्यांनी मला माझ्या पहिल्या भादव्यात सांगितलं होतं, पडीचे पेरू वेचताना. मी हं हं केलं होतं. तेव्हा नीट ऐकलं असतं तर पुढचं बरंच काही टळलं असतं, असं मी स्वतःला सांगते. पण खरंच टळलं असतं का, कुणास ठाऊक.

तर सापळ्यातला कॅमेरा. माश्या मोजायच्या प्रयोगासाठी गावातल्या दहा बागा निवडल्या, त्यात आमची आली. पांढरा डबा, डोक्यावर वहीएवढं सोलर पॅनल, आत माशीला ओढून घेणारी वासाची गोळी, तळाला चिकट कागद आणि वरून त्या कागदावर रोखलेला सदऱ्याच्या बटणाएवढा डोळा. रोज सकाळी सातला तो कागदाचा फोटो काढणार, माश्या स्वतः मोजणार आणि आकडा फोटोसकट दहा बागायतदारांच्या ग्रुपवर टाकणार. फोटो निघाला की कागद आपोआप पुढं सरकून कोरा भाग येणार. आमच्याकडं भिगवणला हिवाळ्यात लोक लांबलांबून हातभर कॅमेरे घेऊन रोहित पक्षी बघायला येतात. माशी बघायला कॅमेरा म्हटल्यावर गावातली निम्मी माणसं तो डबा बघायला येऊन गेली. आत्या लांबून बघत होत्या. डबा बसवणाऱ्या साहेबांना त्यांनी एकच विचारलं, “ह्यो फोटू कोनाकोनाला दिसतो?” साहेब कौतुकानं म्हणाले, “सगळ्यांना, आजी. हीच तर गंमत आहे.”

पहिल्या सकाळी आकडा आला एकोणीस. बाकीच्या बागांत कुठं चार, कुठं सहा. आमच्याच नावापुढं लाल टिकली. थोड्या वेळानं ग्रुपवर दादाराव तात्यांचा निरोप आला. तात्या आमच्या शेजारच्या बागेचे, बोलायला मोकळे, मनानं वाईट नाहीत. त्यांनी लिहिलं होतं, ‘सूनबाई शिकल्याल्या हायत पण बाग झाडून घ्या म्हणावं’ आणि पुढं हसणारी तीन तोंडं. मी मोबाईल पालथा ठेवला. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी कांदा चिरायला घेतला, जो त्या दिवशीच्या भाजीत घालायचाच नव्हता. आत्या दारात शेंगा फोडत बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आकडा आला दोन. तिसऱ्या दिवशी शून्य. मग रोज शून्य.

शून्याची सवय फार लवकर लागते. सातला मोबाईल वाजायचा, हिरवी टिकली, खाली शून्य. मी त्याचा फोटो काढून संतोषला पाठवायचे. तात्यांच्या बागेत नऊ, बारा, चौदा येत होते. एकदा त्यांनी विचारलं, सूनबाई कसलं औषध मारता? मी लिहिलं, ‘स्वच्छता, तात्या.’ हसणारी तोंडं मीही तीन टाकली. आता ते आठवलं की कानशिलं तापतात. त्या दिवसांत मी खूप सुखात होते, हे मात्र कबूल केलं पाहिजे. भल्या सकाळी बागेत जायचं बंद केलं. कशाला जायचं? माझा डोळा तिथं टांगलेला होताच. चहा पीत चुलीपाशी बसून मी बाग बघत होते आणि माझ्या आधीच्या कुणाही सुनेला हे जमलं नव्हतं.

माणसं वरच्या तुकड्याच्या पिशव्या घालून संपली. खालच्या तुकड्याला पुन्हा माणसं शोधायची होती. आत्या म्हणाल्या, “खाली बी घालून घे पिशव्या. माशी हाय.”

मी मोबाईल पुढं केला. “आत्या, शून्य आहे. पंधरा दिवस होत आले, एक माशी नाही.”

त्या मोबाईलकडं बघायच्या ऐवजी माझ्याकडं बघत राहिल्या. फार विचित्र नजर होती ती. मला वाटलं, ह्यांना यंत्राचा राग येतोय, त्यांचं काम त्यानं घेतलं म्हणून. मी मनातल्या मनात त्यांची कीवसुद्धा केली.

“ते हाय गं,” त्या म्हणाल्या. “पर पिशव्या घाल.”

“माशीच नाही तर पिशव्या कशाला?”

“बघ बाई. तुजा बहार हाय.”

खालच्या तुकड्याला पिशव्या घातल्या नाहीत. संतोषनंही फोनवर विचारलं, आकडा काय म्हणतोय? शून्य. मग राहू दे, म्हणाला. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं त्याला ते आठवलं नाही.

गौरी आल्या. आत्यांनी घर कोपरा न् कोपरा झाडलं, अंगण सारवलं, तुळशीपासून देव्हाऱ्यापर्यंत पावलं काढली. दोघींनी हातभर हिरव्या बांगड्या भरल्या; मामा गेल्यावरही आत्यांनी त्या सोडल्या नव्हत्या. “घरात काय बी आसूं दे,” त्या सारवता सारवता म्हणाल्या, “येनाऱ्याच्या डोळ्याला चांगलं दिसाय पायजे.” शेणाचा ओला वास, पुरणाचा वास, आणि मधूनच बागेकडून येणारा तो आंबूस धागा. मला तो आला होता. आज मी शपथेवर सांगते, आला होता. मी उठून मोबाईल बघितला. शून्य. वास बाजूला ठेवला आणि पुरण वाटायला बसले. नाकाला खोटं ठरवायला माणसाला किती कमी वेळ लागतो.

गौरी गेल्यावर आठवड्यानं व्यापारी आले. वरच्या तुकड्यात फिरले, मान डोलावली. खालच्या तुकड्यात एक पेरू तोडला, खिशातला चाकू काढला, कापला. दुसरा कापला. तिसरा. आणि मग तिन्ही पेरूंच्या फोडी त्यांनी बांधावर ओळीनं मांडल्या. पांढऱ्या गरात पांढऱ्या अळ्या, नीट बघितल्याशिवाय दिसत नव्हत्या, आणि एकदा दिसल्या की दुसरं काही दिसत नव्हतं. “वरचं नेतो वैनी,” ते म्हणाले. “हे न्हाय न्हेता यायचं.” आत्या माझ्या मागं उभ्या होत्या. मी त्यांच्याकडं वळून बघायची हिंमत केली नाही. त्या सकाळीही मोबाईलवर शून्य होतं. मी उभ्या उभ्या पुन्हा उघडून बघितलं. शून्यच.

पुढचे दोन दिवस मी कशी होते ते मला सांगता येणार नाही. माशी नाही आणि अळी आहे. मग अळी आली कुठून? पेरूच्या आत आपोआप जन्मली? मी माझ्या कॉलेजच्या वह्या काढल्या, आकृती बघितली. शेवटी डब्याच्या साहेबांना फोन करून तावातावानं भांडले. ते बिचारे शांतपणे म्हणाले, “मॅडम, आपण वेळ बदलून बघू. उद्या साडेसहाचा फोटो लावतो.” मी म्हटलं लावा. हे घरात कुणाला सांगायचं सुचलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मोबाईल वाजला. फोटोत माश्या होत्याच, कागदाच्या डाव्या अंगाला, सात-आठ. आणि उजव्या अंगाला एक हात होता. मनगटभर हिरव्या बांगड्या, अंगठ्यापाशी जुना भाजल्याचा डाग, आणि दोन बोटांत बाभळीचा काटा. काट्याच्या टोकावर एक माशी, पंखसुद्धा न मोडता उचललेली. यंत्रानं प्रामाणिकपणे मोजून आकडा टाकला होता, आठ. दहा बागायतदारांनी तो फोटो बघितला. ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही, तात्यांनीसुद्धा नाही. त्यांनी तीन तोंडं टाकली असती तर मला ते सोपं गेलं असतं.

मी बागेत धावले. आत्या परत येत होत्या, पदराच्या टोकात काटा खोवलेला. मी त्यांच्यापुढं मोबाईल धरला. त्यांनी स्वतःचा हात ओळखला, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी तो मोबाईल मागं घेतला.

“सगळ्यानला गेला व्हय ह्यो?” त्यांनी विचारलं.

“गेला.”

त्या बांधावर बसल्या. मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं लिहिणार नाही. खालचा आख्खा तुकडा गेला, माझा पहिला बहार गेला, तुम्हाला मी नकोच होते बागेत, असं बरंच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“त्या दिशी तुजं त्वांड उतारलं व्हतं,” त्या म्हणाल्या. “एकुनीस आलं तवा. कांदं चिरत व्हतीस. मला दिसलं न्हाय व्हय? म्हनलं, फोटू निघायच्या आदी काडून टाकावं. गावाला कशाला दावायची आपल्या घरातली घाण.”

“पण आत्या, त्या आकड्यावर मी पिशव्या ठरवत होते!”

त्या माझ्याकडं बघायला लागल्या, तीच ती विचित्र नजर, आणि या वेळी मला तिचा अर्थ लागला. त्या खरोखर चक्रावल्या होत्या. “मला वाटलं, फोटू लोकान्साठी हाय,” त्या हळूच म्हणाल्या. “बाग तर तू बघतीच की. मी म्हनलं बी तुला, माशी हाय म्हनून. तू… तू बागंत येतच न्हवतीस व्हय गं?”

मी मोबाईल बंद केला.

त्या दिवसानंतर आत्या सापळ्याकडं फिरकल्या नाहीत. बागेचा वळसाही त्यांनी सोडला. सकाळी उठून अंगणात बसायच्या, हात मांडीवर, बांगड्या वर सारलेल्या. संतोष आला, त्यानं सगळं ऐकलं आणि आधी हसला. कुणीच हसत नाही म्हटल्यावर त्यानं विचारलं, “मग आता चूक कुणाची?” माझ्या ओठांवर ‘आत्यांची’ आलं होतं. ते बाहेर पडेपर्यंत ‘माझी’ झालं, आणि मग तेही पूर्ण खरं वाटेना. यंत्रानं एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. जे पुढ्यात होतं ते मोजलं. आत्यांनीही खोटं सांगितलं नव्हतं. माशी आहे म्हणून सांगितलं, पिशव्या घाल म्हणून दोनदा बजावलं. मीही खोटं बोलले नव्हते. सगळे खरं बोलत होते आणि पेरूत अळ्या पडल्या. 

ओढ्याच्या कडेला खड्डा काढला आणि खालच्या तुकड्यातली किडकी फळं तोडून त्यात टाकायला लागलो. तशीच ठेवली असती तर त्यातून पुन्हा माश्या निघाल्या असत्या. पहिल्या दिवशी मी एकटीच होते. दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन आत्या आल्या, न बोलावता. आम्ही समोरासमोरच्या ओळी धरल्या. आंबूस वास इतका की डोळ्यांना झोंबत होता. मध्येच आत्या एखादं फळ हातात घ्यायच्या, दोन बोटांनी दाबायच्या आणि बाजूला ठेवायच्या. मी एक उचलून कापलं. आत स्वच्छ पांढरा गर. मी दुसरं, त्यांनी टाकून दिलेलं, कापलं. किडकं. पाच-सहा वेळा ताडून बघितलं. एकदाही चुकल्या नाहीत.

“कसं कळतं?” मी विचारलं.

“बोटाला कळतं.”

“म्हणजे काय कळतं?”

त्यांनी माझी दोन बोटं धरली आणि फळावर ठेवली. किडक्या जागी साल किंचित हलते, बाळाची टाळू असते ना, तेवढी. मला दहापैकी चार वेळा कळलं. अजूनही सहाच्या वर मजल गेलेली नाही. पण त्या दुपारी, त्या घाण वासात, त्यांचा हात माझ्या हातावर होता तेवढा वेळ मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याबद्दल लाजही वाटली. समोर बहाराचा खड्डा होता.

यंदा सापळा पुन्हा बसवायचा का, यावर मी उन्हाळाभर विचार केला. कधी वाटायचं, नको तो डोळा घरादारावर. कधी वाटायचं, त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? शेवटी बसवला. दोन्ही तुकड्यांना पिशव्या घालायच्या हेही ठरवलं, आकडा काहीही येवो. आणि सकाळी बागेला वळसा घालायचा, तोही ठरवला. आत्यांचा वळसा बंदच आहे असं मी धरून चालले होते. त्यांना मी विचारलं नाही. काही गोष्टी विचारल्या की पुन्हा उकलायला लागतात, आणि माझ्याकडं अजून गेल्या वर्षीच्याच शिल्लक आहेत.

आज सकाळी सहा वाजून गेल्यावर मी बागेत गेले. धुकं नव्हतं, ऊन नव्हतं, नुसता उजेड. पानांवर पाणी. हायवेवरून कांद्याचा ट्रक गेल्याचा आवाज. सापळ्यापाशी थांबले आणि वाकून कागद बघितला. माश्या होत्या. मोजल्या, तेवीस. पुन्हा मोजल्या, तेवीसच. मला वाटलं होतं मी आता शहाणी झालेय, आकड्याचं मला काही वाटणार नाही. पण एकोणिसाचा तो दिवस पुन्हा समोर आला. तात्यांची तोंडं दिसली, लाल टिकली दिसली. सापळ्याची तार वर्षभर झाडावरच राहिली होती, आणि तिला आत्यांचा गेल्या वर्षीचा आणखी एक बाभळीचा काटा तसाच खोचलेला होता, वाळून काळा पडलेला. मी तो काढला.

एक माशी उचलली. एकच. फार अवघड असतं ते. पंख चिकटून राहतात, पाय तुटतात. आत्या रोज पंधरा-वीस कशा उचलायच्या, आणि माझ्यासाठी, हे तेव्हा पहिल्यांदा हाताला कळलं. ती माशी मी का काढली ते विचाराल तर सांगता येणार नाही. तेवीस आले काय न् बावीस आले काय, पिशव्या घालायच्याच आहेत. काटा परत तारेला खोचला आणि घाईनं घरी आले.

आत्या चुलीपाशी चहा गाळत होत्या. सातला मोबाईल वाजला. लाल टिकली.

“किती आल्या?” त्यांनी विचारलं.

“बावीस.”

त्यांनी गाळणी कपावर दोनदा झटकली, कप माझ्याकडं सरकवला, आणि वर न बघता म्हणाल्या, “मी पाटं बघून आले. तेवीस व्हत्या.”